पोटातली चौदा इंजेक्शनं

कुत्रा चावला तर बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला पाढे पाठ होण्याआधी ठाऊक असतं. गंमत अशी, की आज विशीच्या आत असलेल्या कुणाच्याही पोटात ती सुई गेलेली नाही. ज्या लशीसाठी हा सगळा प्रकार होता, तिचं उत्पादन भारतात २००४च्या अखेरीस थांबलं. लस गेली, सुई पोटावरून दंडावर आली, चौदाचा आकडा चारवर उतरला, तरी धाक जागच्या जागी आहे. गल्लीत खेळताना कुत्र्याचा दात लागलेलं पोर अजूनही घरी सांगत नाही, पायजम्याचा पाय खाली ओढून गप्प बसतं. जगात रेबीजने दगावणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालचे असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातली किती पोरं या धाकापायी गप्प बसली असतील, ते मोजायला कुठलं यंत्र नाही.

म्हणून हा माग काढावासा वाटला. सुई पोटातच का दिली जायची? चौदाच का? आणि हे सगळं संपलं, तर ते लोकांना सांगायचं राहून गेलं का?

आजार फार जुना. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचं वर्णन आहे: शेपूट, जबडा, खांदे लोंबलेले आणि तोंडातून लाळ गळणारी. चावा झालेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली की तो वाचत नाही, असा निवाडाही तिथंच दिलेला आहे. हा निवाडा आजही जवळजवळ तसाच उभा आहे. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून वाचलेली माणसं जगभरात बोटांवर मोजावीत इतकीच. अतिदक्षता विभाग आले, कृत्रिम श्वासाची यंत्रं आली, तरी त्यात फरक पडला नाही. पाण्याचा पेला समोर आला की घशाचे स्नायू आखडतात, पुढे वाऱ्याची झुळूकसुद्धा सहन होत नाही, आणि हे सगळं रोगी बहुतेक वेळ शुद्धीवर असताना चालतं. पाहणाऱ्याला ते विसरता येत नाही. म्हणूनच जखम डागण्यापासून मिरचीची पूड आणि चुना भरण्यापर्यंत माणसांनी सगळं करून पाहिलं. डागणीत निदान थोडं तथ्य होतं, विषाणू आहे तिथंच जाळण्याचं. मिरची आणि चुन्यात तेवढंही नाही. उलट जखम चोळली जाऊन विषाणू आत ढकलला जातो.

पोटाचा माग काढत गेलं की आपण पॅरिसला पोहोचतो. ६ जुलै १८८५च्या संध्याकाळी आल्सेस प्रांतातल्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई लुई पाश्चरकडे घेऊन आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला खाली पाडून अनेक ठिकाणी चावे घेतले होते. गावाकडच्या डॉक्टरने जखमा कार्बोलिक आम्लाने डागून दिल्या होत्या. हे आम्ल लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हता. सुई त्याला हातात धरता येत नव्हती, म्हणून ते काम ग्रँशे या डॉक्टरने केलं. टोचायचं होतं ते असं: रेबीजने मेलेल्या सशाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काचेच्या बाटलीत, पोटॅशच्या कोरड्या हवेत टांगून ठेवायचा. जितके दिवस तो सुकेल तितका त्यातला जंतू दुबळा होत जातो. मुलाला पहिल्या दिवशी पंधरा दिवस सुकलेल्या मज्जारज्जूचा द्राव टोचला. मग रोज थोडा कमी सुकलेला, म्हणजे थोडा अधिक जहाल. असं करत दहा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या. शेवटचा द्राव इतका ताजा होता की निरोगी सशाला तो दिला असता तर ससा रेबीजने मेला असता. टोचण्यासाठी जागा निवडली होती उजव्या बरगडीखालची, पोटावरची कातडी, चिमटीत धरून वर उचललेली. तिथं कातडी सैल असते, खाली जागा असते, आणि रोज थोडं बाजूला सरकता येतं. आपल्या पोरांना ज्या बेंबीचा धाक घातला गेला, तिची वंशावळ इथून सुरू होते. आकडाही तेराच आहे, चौदाच्या एक पायरी अलीकडे.

माइस्टर जगला आणि पाश्चर देवपदाला पोहोचला. त्याच्या खासगी वह्या पुढे इतिहासकारांनी तपासल्या, आणि १९९५ साली जेराल्ड गायसन यांनी दाखवून दिलं की कुत्र्यांवर ही पद्धत जितकी पारखून घेतल्याचा दावा पाश्चरने केला होता, तितकी ती पारखलेली नव्हती. त्याचा जवळचा सहकारी एमिल रू या पहिल्या उपचारापासून दूर राहिला, तो उगाच नव्हे. पण हरलेला डाव होता, आणि आईला दुसरं दार नव्हतं. आजच्या कुठल्याही नीतिसमितीने परवानगी दिली नसती, आणि मुलगा कदाचित गेला असता. मला यात पाश्चरला दोषी धरवत नाही आणि पूर्ण मोकळंही सोडवत नाही.

चावल्यानंतर दिलेली लस कामाला येते तरी कशी? देवी, गोवर, पोलिओ, सगळ्यांची लस आधी घ्यायची असते. रेबीजचा विषाणू मात्र रक्तातून धावत नाही. तो जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि तिथून मेंदूकडे पायी निघालेल्या वारकऱ्यासारखा मुक्काम करत करत जातो. बहुतेकदा त्याला एक ते तीन महिने लागतात. लस मागून गाडीने निघते आणि त्याच्याआधी पोहोचते. पण चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर त्याची वाट फार थोडी उरते. सगळा खेळ वेळेचा आहे, आणि वेळ म्हणजे अंतर. या औषधाचा पुढचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चावा आणि सुई यांच्यातलं अंतर कमी करण्याचाच आहे.

हे अंतर सुरुवातीला किती होतं? मार्च १८८६मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्याने फाडलेले एकोणीस शेतकरी पॅरिसला आले. त्यांच्यातले सोळा जगले. ते निदान एकाच खंडातले होते. मुंबईत चावा झालेल्या गोऱ्या शिपायाला बोटीत बसवून युरोपला पाठवायचं, असा त्या काळचा उपाय होता. काळ्या माणसाला तोही नव्हता. हिंदुस्थानात पाश्चरच्या पद्धतीने उपचार करणारी संस्था काढायची तर प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणारे लोक आडवे आले, पैशाची चालढकल झाली. अखेर १९०० साली हिमालयाच्या पायथ्याशी कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट उघडलं. प्रमुख होते लष्करी डॉक्टर डेव्हिड सेम्पल.

कसौली! नकाशा काढून पाहा. धुळ्याच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला कुत्रा चावला तर त्याने पंजाबच्या टोकाला कालक्यापर्यंत आगगाडीने जायचं आणि मग टेकडी चढायची. गरिबांच्या प्रवासाचा खर्च सरकार सोसत असे, पण वेळेचा कोण सोसणार? दक्षिणेकडच्या कुन्नूरमध्ये १९०२ साली एक तरुण मुलगी पिसाळलेला कुत्रा चावून मेली. उपचार वेळेत मिळू शकले नव्हते. गोऱ्यांच्या वसाहतीत त्या मृत्यूने खळबळ माजली. एका अमेरिकन धनिकाने, हेन्री फिप्सने, लॉर्ड कर्झनच्या हाती दिलेल्या देणगीतून तिथं १९०७ साली दुसरं पाश्चर इन्स्टिट्यूट उभं राहिलं. गावोगावच्या शेतकऱ्यांची पोरं त्याआधी शेकड्यांनी गेली होती, त्यांच्यासाठी कुणी इमारत बांधली नाही, हे ओघाने आलंच.

पण संस्था वाढवून प्रश्न सुटणार नव्हता. पाश्चरची पद्धत म्हणजे कारखाना जिथं, रोगी तिथं. ससे तिथंच पाळायचे, मज्जारज्जू तिथंच सुकवायचे, रोजच्या रोज द्राव करायचा. बाटलीत भरून तो दुसऱ्या गावी पाठवता येत नव्हता. इथं सेम्पलने जे केलं ते आज वैद्यकाच्या पुस्तकात एका ओळीत आटपतं, पण हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाच्या दृष्टीने ते पाश्चरहून कमी नाही. १९११ साली त्याने रेबीज झालेल्या प्राण्याच्या मेंदूचा लगदा घेतला आणि त्यातला विषाणू कार्बोलिक आम्लाने ठार मारला. माइस्टरची जखम ज्याने डागली, तेच आम्ल. इटलीतल्या फेर्मीने याआधी काही वर्षं तसाच प्रयत्न केला होता, पण त्याच्या लशीत जिवंत विषाणू शिल्लक राहत असे. सेम्पलची लस पूर्ण मेलेली होती. ती बाटलीत भरता येत होती, आगगाडीने पाठवता येत होती. पुढे सशाऐवजी मेंढीचा मेंदू सर्रास वापरात आला, कारण एका मेंढीत बऱ्याच रोग्यांचं भागायचं.

चौदाचा आकडा इथला. मेलेला विषाणू शरीराला सावध करायला कमजोर पडतो, म्हणून द्राव भरपूर द्यावा लागे आणि रोज द्यावा लागे. जखमेची प्रतवारी करून मात्रा ठरायची. किरकोळ ओरखड्याला सात दिवस, खोल चाव्याला चौदा दिवस, आणि दर वेळी २ ते ५ मिलिलिटर, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे प्रत्येकाला चौदा नव्हतीच. पण सात घेणारा आपली कहाणी सांगत बसत नाही, चौदा घेणारा जन्मभर सांगतो. एवढा द्राव दंडात मावत नाही, म्हणून पुन्हा पोट. बेंबीत सुई कधीच गेली नाही, ती बेंबीच्या आजूबाजूला, रोज जागा बदलून, कातडीखाली जायची. चौथ्यापाचव्या दिवसापासून पोट सुजून लाल व्हायचं आणि मग उरलेल्या दिवसांच्या सुया त्याच दुखऱ्या जागी. मुलाला दोघांनी धरायचं आणि तिसऱ्याने टोचायचं, हा देखावा ज्यांनी पाहिला त्यांनी गावभर केला.

मुंबईत ही लस आली ती परळला. वाल्डेमार हाफकिन हा स्वतः पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून इकडे आलेला माणूस, प्लेगची लस त्याने भायखळ्याला केली आणि १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. पुढे तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं, आणि श्वानदंशावरची लस तिथं तयार होऊ लागली. तिथून बाटल्या जिल्ह्याच्या गावी, सिव्हिलला जाऊ लागल्या. कसौलीचं अंतर जिल्ह्यापुरतं राहिलं. पण रोज एक याप्रमाणे चौदा दिवस सिव्हिलला जायचं म्हणजे तालुक्याबाहेरच्या शेतमजुराने पंधरवड्याच्या मजुरीवर पाणी सोडायचं, कुणा नातलगाच्या ओसरीवर पथारी टाकायची. आठव्या दिवशी जखम सुकली, पोर बरं दिसू लागलं की बाप म्हणायचा, चल घरी. ते चूक होतं, पण न समजण्यासारखं नव्हतं.

या लशीचा खरा दोष मात्र सूज आणि सुया नव्हता. मेंदूच्या लगद्यात मज्जातंतूंवरचं वेष्टन, म्हणजे मायेलिन असतं. ते शरीरात परकं म्हणून गेलं की काही जणांचं शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटायचं. पाय लुळे पडायचे, कुणी त्यातून उठायचा, कुणी नाही. हजारो रोग्यांमागे एखादा असं कुठं दिसलं, तर कुठं शेकड्यांमागे एक. रोगाच्या तुलनेत जोखीम थोडी, म्हणून डॉक्टर लस द्यायचेच. पण पिसाळलेला नसलेला कुत्रा चावलेला माणूस लशीने लुळा पडला, तर त्याच्या घरच्यांना हे गणित कसं सांगायचं? लोकांच्या मनातल्या धाकाला असा एक खरा पायाही होता, हे मान्य करायला हवं.

पर्याय निघाला मेंदूशिवाय विषाणू वाढवण्यात. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये कोप्रोव्हस्की, विक्टर आणि प्लॉटकिन यांनी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या मानवी पेशींवर विषाणू वाढवला. मायेलिनचा प्रश्नच मिटला. कसोटी लागली इराणमध्ये, जिथं लांडगे गावात शिरून माणसं फाडायचे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात पिसाळलेल्या लांडग्यांनी आणि कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना ही लस दिल्याची नोंद आहे. ४५च्या ४५ जगले. पुढे कोंबडीच्या भ्रूणाच्या आणि इतर पेशींवर स्वस्त लशी झाल्या. दंडात पाच सुया: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. पोट सुटलं.

सुटलं, पण कुणाचं? इथं मला राग येतो. जागतिक आरोग्य संघटना १९८०च्या दशकापासून मेंदूची लस बंद करा म्हणत होती. पेशींवरची लस भारतात खासगी दुकानांत मिळत होती, नंतर देशात तयारही होऊ लागली. पण ती महाग होती, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळायची ती मेंढीच्या मेंदूचीच. वीसएक वर्षं एकाच शहरात दोन लशी चालू होत्या. ज्याच्या खिशात पैसे त्याच्या दंडात, ज्याच्या नाहीत त्याच्या पोटात. लशीचा धाक जो टिकून राहिला तो नेमका ज्यांना सरकारी दवाखान्याशिवाय वाट नव्हती त्यांच्यात, आणि त्याचं कारण अडाणीपणा नव्हतं. त्यांच्या घरात कुणीतरी ते खरंच भोगलेलं होतं.

महाग लस गरिबाला परवडावी कशी, याचं उत्तर बँकॉकहून आलं. थायलंडमध्येही तीच अडचण होती. तिथल्या रेडक्रॉसच्या डॉक्टरांनी लस स्नायूत न देता कातडीतच द्यायला सुरुवात केली, क्षयाची बीसीजी देतात तशी. कातडीत रोगाला ओळखणाऱ्या पेशी दाट असतात, म्हणून थेंबभर लस पुरते. दोन दंडांवर दोन ठिकाणी प्रत्येकी ०.१ मिलिलिटर, चार वेळा: शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी. भारतात या पद्धतीला २००६ साली मान्यता मिळाली. हिशेब करा. सेम्पलच्या काळात खोल चाव्याला ५ मिलिलिटरप्रमाणे चौदा दिवसांत ७० मिलिलिटर द्राव जायचा. आता अख्खा कोर्स ०.८ मिलिलिटरचा.

या थेंबाला एक अट आहे, आणि खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या नर्सला ती चांगली ठाऊक आहे. कुपी एकदा फोडली की सहा ते आठ तासांत संपवायला हवी. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात श्वानदंशाची वेगळी रांग असते, तिथं कुपी घटकाभरात संपते. पण जिथं आठवड्याला दोनच रोगी येतात तिथं उरलेली लस फेकायची, की रोग्याला अमुक दिवशी या म्हणायचं, की स्नायूत पूर्ण कुपी द्यायची? पहिला डोस तर थांबवायचाच नसतो. मुंबईत स्वस्त झालेली पद्धत दुर्गम भागात तितकी स्वस्त राहत नाही. वरच्या कचेऱ्यांतून आलेल्या परिपत्रकात ही अडचण मावत नाही.

लशीला काम सुरू करायला आठवडाभर तरी लागतो. खोल जखमेत तेवढा वेळ नसतो. त्यासाठी तयार प्रतिपिंडं लागतात, ज्याला दवाखान्यात नुसतं सीरम म्हणतात. त्याचा पुरावाही इराणचाच. १९५४ साली एका लांडग्याने एका रात्रीत २९ जणांना चावे घेतले. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यांतले तीन गेले. तेरा जणांना लशीसोबत सीरमही मिळालं, त्यांतला एकच गेला. तेव्हापासून रक्त निघालेल्या चाव्याला, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत कॅटेगरी थ्रीला, सीरम द्यायचं असा नियम झाला. पण ते घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढावं लागतं, महाग असतं आणि नेमकं गरजेच्या वेळी संपलेलं असतं. शिमल्याचे डॉ. ओमेश भारती यांनी तुटवड्याच्या काळात एक साधी गोष्ट करून पाहिली: वजनाच्या हिशेबाने सीरम काढून उरलेलं कमरेत टोचण्याऐवजी सगळं लक्ष जखमेवर द्यायचं, जखमेत आणि तिच्याभोवती मावेल तेवढंच भरायचं. एका रोग्याच्या सीरममध्ये अनेकांचं भागू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली हीच रीत जगासाठी स्वीकारली आणि पुढच्या वर्षी भारतींना पद्मश्री मिळाली. शिमल्याला जायचं तर वाटेत कसौलीचा डोंगर लागतो, हा योगायोग मला आवडतो.

इथवर कहाणी माणसाची झाली. पण चावणारा मागेच राहिला. कुत्र्याशी आपण काय केलं, याचा माग मुंबईत १८३२पर्यंत जातो. कंपनी सरकारने उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. बक्षिसासाठी घराच्या अंगणातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, गोऱ्यांच्या गाड्यांवर दगड पडले. पुढे १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठ भटकी कुत्री मारवली आणि महात्मा गांधींनी त्यांची बाजू घेतली, तेव्हाही असंच वादळ उठलं. गांधींचं म्हणणं असं होतं की कुत्र्याला पाळायचं नाही, त्याची जबाबदारी घ्यायची नाही, फक्त रस्त्यावर तुकडे टाकायचे, ही दया नव्हे. आज समाजमाध्यमांवर जे भांडण चालतं ते शंभर वर्षांत एक इंचही पुढे सरकलेलं नाही.

सरकलं ते दुसरीकडे. जपानमध्ये उमेनो आणि दोई या पशुवैद्यांनी १९२१ साली कुत्र्यांनाच सामुदायिक लस द्यायला सुरुवात केली. पुढे नोंदणी आणि लस सक्तीची झाली आणि १९५७नंतर तिथल्या कुत्र्यांत रेबीज उरला नाही. कुत्री मारून हा रोग संपत नाही, कारण मोकळ्या जागेत बाजूची कुत्री येतात, तीही बिनलशीची. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. आपल्याकडे मात्र माणसाची लस आरोग्य खात्याची, कुत्र्याची पशुसंवर्धन खात्याची आणि रस्त्यावरचं कुत्रं नगरपालिकेचं. परळला हाफकिन आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावचं जनावरांचं रुग्णालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण कागदावर हा एकच आजार दोन वेगळ्या टेबलांवर राहिला. दोन्ही खात्यांनी मिळून राष्ट्रीय कृती आराखडा काढला तो २८ सप्टेंबर २०२१ला, पाश्चरच्या स्मृतिदिनी. २०३०पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा असं त्यात लिहिलं आहे.

संपवता येतो, हे शेजारच्या गोव्याने दाखवलं. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था २०१४पासून तिथं वाड्यावाड्यात फिरली. हाताने किंवा जाळीने कुत्रं धरायचं, टोचायचं, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, मोबाइलवर जागा नोंदवायची आणि सोडून द्यायचं. वर्षाला लाखाच्या घरात कुत्री. सोबत शाळांत जाऊन पोरांना शिकवायचं आणि पिसाळलेलं कुत्रं दिसलं तर कळवायला एक दूरध्वनी चालू ठेवायचा. कुत्र्यांतल्या रेबीजच्या घटना ९२ टक्क्यांनी घटल्या, माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१ साली गोवा देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य ठरलं. अर्थात सिंधुदुर्गाच्या किंवा कारवारच्या बाजूने येणाऱ्या कुत्र्याला नाक्यावर कुणी पास विचारत नाही. मोहीम थांबली की रोग परत येणार.

आणि घरचा कुत्रा? गावाकडे वाड्यात बांधलेल्या किंवा मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याला लस देणं अजून शहरी चोचला समजला जातो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग पशुवैद्य सांगेल तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ती नाममात्र पैशांत होते आणि तिचा दाखला मिळतो. तो दाखला बैलजोडीच्या कागदांसारखा जपून ठेवायचा, कारण शेजाऱ्याला दात लागला तर पहिला प्रश्न त्याचाच येतो. मांजरीलाही हेच लागू. आपलंच आहे, खेळता खेळता ओरखडलं, म्हणून सोडून दिलेले चावे डॉक्टरांना पुष्कळ पाहायला मिळतात.

अलीकडच्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसं जातात. त्याच पाहणीत कुत्रा चावलेल्यांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्याने लसच घेतलेली नव्हती, आणि ज्यांनी सुरू केली त्यांतल्या अनेकांनी ती पुरी केली नाही. लस आता प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आलेली आहे. चावा झाला तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, टाके घालू द्यायचे नाहीत, आणि त्याच दिवशी केंद्रात जाऊन केसपेपर काढायचा. कुत्रं दहा दिवसांत मरतं का ते बघू, असं म्हणत थांबायचं नाही. कुत्र्याकडे दहा दिवस लक्ष जरूर ठेवायचं, पण लस सुरू करून. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बहुतेक लोक येतात. गळती होते ती अठ्ठाविसाव्या दिवशी, जखम भरून खूणही पुसट झालेली असते तेव्हा. काही केंद्रांत आशाताई यादी घेऊन घरोघर फोन करतात, तिथं चौथा डोसही होतो.

केसपेपर मात्र फेकायचा नाही. ज्याचा कोर्स एकदा पुरा झाला आहे त्याला पुन्हा कुत्रा चावला, तर सीरम लागत नाही. लशीचे डोसही दोनच, पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, दंडावर. कागद नसेल तर डॉक्टरला पहिल्यापासून सगळं करावं लागतं.